पूजेतला फ्रीज

द्वारकाबाईंच्या घरी गेलं की आधी फ्रीज ऐकू येतो, मग द्वारकाबाई. दोघांत मोठ्यानं कोण बोलतं ह्याबद्दल आमच्या गल्लीत मतभेद आहेत. फ्रीज मूळचा माझा. मुलानं मला एका माणसापुरता नवा, लहानसा घेऊन दिला तेव्हा जुना मी द्वारकाबाईंना दिला, आणि तो कसा वापरावा ह्याचं एक व्याख्यानही सोबत दिलं. फ्रीज त्यांनी ठेवून घेतला.

"बाई, तुमचा फ्रीज अगदी तुमच्यावर गेलाय बगा," असं त्या मला आल्यागेल्यासमोर ऐकवतात. "आवाज मोठा, गारवा बेताचा."

ह्यावर मी काही बोलत नाही. खोटं कशाला, बोलते. पण त्या ऐकत नाहीत.

मी विज्ञानाची मास्तरीण. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, वालचंदनगरला मुलांना उष्णता आणि ध्वनी शिकवण्यात केस पांढरे केले, आणि निवृत्त झाल्यावर बारामतीत ह्या गल्लीत घर घेतलं. तेव्हापासून कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचा मिक्सर अडला, की माणसं माझ्याकडे येतात. मी कारण सांगते. दुरुस्ती नाक्यावरचा विशाल करतो. कारण आणि दुरुस्ती ह्यांचा एकमेकांशी संबंध लागतोय का, हे पाहण्याची तसदी कुणी घेत नाही, म्हणून माझी प्रतिष्ठा टिकून आहे.

द्वारकाबाई समोरच्या दोन खोल्यांत राहतात. उंचीला कमी, कपाळावर हिरवं गोंदण, पदर कमरेला असा खोचलेला की आत्ताच कुणाशी तरी भांडायला निघाल्यात. आणि कशालाही कान लावायची सवय. कलिंगडाला लावतात, दह्याच्या मडक्याला लावतात, शेजारच्यांच्या बंद दाराला तर लावतातच. माहेर कन्हेरीकडचं, मेंढरं राखणारं. वडील, म्हस्कूआबा, दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि ही पोर मागून चालायची. मुलीवर मुली झाल्या म्हणून हिचं नाव ठेवलं नकोशी. लग्नात डाळजच्या सासरच्यांनी द्वारका केलं. नवरा गेणबा दुधाचा टेम्पो चालवायचा. सणासुदीला दूध शिल्लक राहिलं की तो कॅन घरी आणायचा आणि ही बाई त्याचं दही लावून, फडक्यात टांगून, चक्का करायची. गेणबा गेला, टेम्पो विकला, चक्का राहिला. तो घेऊन त्या बारामतीत आल्या. आज दसऱ्याला आमच्या भागातलं निम्मं श्रीखंड त्यांच्या हातचं असतं आणि ते फार चांगलं असतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत नाही.

तर फ्रीज. तो त्यांच्याकडे यंत्र म्हणून गेला नाही, जनावर म्हणून गेला. पहिल्याच आठवड्यात त्या धावत आल्या.

"बाई, त्याच्या पोटात गुडगुडतंय!"

मी समजावलं, की मागच्या नळ्यांतून गॅस फिरतो, कुठे त्याचा द्रव होतो, कुठे परत गॅस होतो, त्याचा तो आवाज. निरोगी आवाज आहे.

"म्हंजी रवंथ करतोय."

"रवंथ नाही हो. त्याला शास्त्रात..."

"रवंथच की. खाल्लेलं फिरवतोय. असूंद्या."

मग एक दिवस टक् झालं. मी सांगितलं, आत पुरेसं गार झालं की थर्मोस्टॅट मोटार बंद करतो, गारवा उतरला की परत चालू करतो. तो टक् म्हणजे बटण पडल्याचा आवाज. "म्हंजी दात खातोय," द्वारकाबाई म्हणाल्या. बर्फाच्या कप्प्यात कड् वाजलं की हाडं मोडतोय. आणि खडखड वाजलं की खूर आपटतोय. ह्यात मात्र लक्ष घालावं लागतं, असं मी बजावलं. फ्रीज भिंतीला टेकला असेल, पाय कमीजास्त असतील, नाहीतर वर ठेवलेलं पातेलं थरथरत असेल. सहा महिन्यांत माझं सगळं शास्त्र विसरलं गेलं आणि त्यांची नावं गल्लीभर झाली. शेजारची सोनम, जी स्वतः कॉम्प्युटर शिकलेली आहे, तिनं मला फोन करून विचारलं, "बाई, आमचा नवा फ्रीज रवंथच करत नाही, दुकानात परत देऊ का?"

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझी ही सवय, वर्गातसुद्धा तास संपत आला की मुद्दा यायचा.

द्वारकाबाईंचा मुलगा इंद्रजित वालचंदनगरला एका कारखान्यात फिटर आहे. क्वार्टर आहे, बायको सुप्रिया गुणी आहे. दोघांचंही म्हणणं, आईनं आता आमच्याकडे राहावं. म्हणणं चुकीचं नव्हतं. पाडव्याला ऐन सणात फ्रीज बंद पडून निम्मा चक्का आंबला होता आणि द्वारकाबाई दोन दिवस अंथरुणावर होत्या, चक्क्याच्या दुःखानं. तेव्हा गणपतीत इंद्रजित आला तो ठरवूनच. मी तिथेच बसले होते.

"आई, शेवटचं सांगतो. ह्या दसऱ्याला जर का फ्रीजनं दगा दिला आन तुझा चक्का गेला, तर दिवाळीला सामान बांधायचं. न कुरकुरता."

"आन पार पडलं नीट तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार न्हाय."

"बाईंसमोर बोल्लास. दे टाळी."

टाळी दिली. तो गेल्यावर मी म्हणाले, "अहो, जा की. सून आयता चहा देईल."

द्वारकाबाई फ्रीजवरची धूळ पुसत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लेक चांगला हाय. सून त्याहून चांगली हाय. भांडं उचलू देत न्हाय हातानं. बसा म्हनत्यात. सकाळी बसा, दुपारी बसा. बाई, जन्मल्या जन्मल्या नकोशी म्हनलं मला. तवा निदान मेंढरं तरी राखायला लावायचे."

मी व्याख्यान न देता घरी आले. हे माझ्याबाबतीत क्वचित घडतं.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, आणि एकदा पूजेला मांडलं की दुसऱ्या दिवशीच्या आरतीपर्यंत ते हत्यार उचलायचं नाही, हा आमच्या गल्लीचा कडक नियम. विशालचे पाने, टेस्टर, पक्कड, सगळं त्याच्या दुकानात पाटावर हळदकुंकू लावून बसतं. द्वारकाबाईंच्या पाटावर विळी, सुरी, उलथनं, झाडायचा ब्रश आणि पुरणयंत्र, ज्यातून त्या चक्का आणि साखर फिरवतात. सकाळी मी गेले तर म्हणाल्या, "तुमचं काय हत्यार हाय?" मी थट्टेनं घरातला स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. मी असल्या गोष्टी मानत नाही. त्यांनी गंभीरपणे त्याला कुंकू लावलं, आणि तो विळीशेजारी इतका ऐटीत दिसायला लागला की मलाच जरा बरं वाटलं.

मग प्रश्न आला फ्रीजचा. तो पाटावर बसेना.

"पूजा करायची म्हंजी त्येला आज आराम द्याया पायजे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"खुळ्या झालात का? आत चक्का आहे! फ्रीजला सुट्टी नसते."

"मेंढरं बी रोज चरत्यात. पर सणाला त्यान्ला बी रंगवतोच की."

"रंगवा. बंद करू नका."

शेवटी तडजोड झाली. फ्रीज चालू राहील, त्याची सुट्टी दसऱ्याच्या संध्याकाळी. त्यांनी फ्रीजला तसं मोठ्यानं सांगितलंही. पुढे घटासाठी जागा हवी म्हणून तो आधीच भिंतीला सरकवलेला होता. त्यावर त्यांनी नवा खण पांघरला, पुढून मागून लोंबता, नवरीच्या पदरासारखा. वर तांब्याचा कलश, त्यात नारळ. राहिली झेंडूची माळ. दाराच्या मुठीला एक टोक बांधलं, दुसरं टोक बांधायला बिजागरीच्या बाजूला काहीच नव्हतं. द्वारकाबाईंचा हात तिथे पोचेना. मी उंच. मी पुढे झाले आणि ते टोक वरच्या बिजागरीजवळच्या फटीत व्यवस्थित खोचून दिलं.

"ह्याला म्हणतात युक्ती," मी म्हणाले. मला आठवतंय, मी दोन पावलं मागे जाऊन मान तिरपी करून बघितलंसुद्धा.

दुपारी जेवून आडवी झाले होते तर दार वाजलं. द्वारकाबाई. ओरडल्या नाहीत, तेव्हाच मी घाबरले.

"बाई, त्येला धाप लागलीय."

गेले. फ्रीज एका सुरात घरघरत होता, वरचा नारळ कलशात थरथरून टिंगटिंग वाजत होता. बाजूला हात लावला तर चटका बसेल असा तापलेला. आत मात्र दिव्याखाली दमट, कोमट हवा, आणि बर्फाच्या कप्प्याला चहूबाजूनं बर्फाची दाढी. गणपतीपासून त्यांनी तो वितळवला नव्हता, आणि त्यावर आणखी चढला होता. खाली मोठ्या पातेल्यात फडक्याखाली चक्का. द्वारकाबाईंनी बोट लावून चाखलं.

"अजून गोड हाय. पर सकाळपत्तूर न्हाय टिकायचा."

"आत्ताच साखर घाला! श्रीखंड करून टाका, म्हणजे..."

"यंत्र पूजेत हाय."

"मग हातानं घोटा."

"एवढा? हातानं? आन गुठळ्या राहिल्या तर नाव कुनाचं जातंय, तुमचं?"

तेवढ्यात फ्रीजनं जोरात टक् केलं आणि गप्प झाला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं घर्र, की लगेच टक्. पुन्हा घर्र, टक्.

आता मी बी.एस्सी. झाले. हात मागे बांधले आणि सुरुवात केली. "गॅस गेलेला आहे. कॉम्प्रेसर चालतोय पण गारवा नाही, म्हणजे गॅस. किंवा रिले. किंवा व्होल्टेज कमी येतंय. किंवा थर्मोस्टॅट."

"ह्यातलं एक काय ते सांगा."

"एक सांगता येत नाही. शास्त्रात आधी सगळ्या शक्यता मांडाव्या लागतात."

"मांडा. तवर चक्का आंबतोय."

विशालला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, येऊन काय करू? पाना उचलायचा न्हाय आज. उद्या आरती झाली की पहिला तुमच्याकडंच." मी त्याला सुनावलं, की एकविसाव्या शतकात हे असं. तो नम्रपणे म्हणाला, "मग तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरनं मागची पट्टी तरी खोला, बघा काय दिसतंय." मी पाटाकडे गेले. माझा स्वतःचा स्क्रू-ड्रायव्हर, मी पैसे देऊन आणलेला. त्याच्यावर हळद, कुंकू आणि एक अक्षता. हात पुढे केला. तसाच मागे घेतला. मी असल्या गोष्टी मानत नाही, पण त्या अक्षतेकडे बघून उगाच पाटावरची फुलं सारखी केली आणि परत आले.

"काय झालं?" द्वारकाबाई.

"त्याची गरज नाही," मी म्हणाले.

"इंद्रजितला बोलवा," मी पुढे सुचवलं. "फिटर आहे, अर्ध्या तासात लावेल."

"त्येला फोन केला की माझं गाठोडं बांधलं म्हनून समजा."

"मग चक्का माझ्या फ्रीजमध्ये ठेवू. एवढं सोपं आहे!"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे जे बघितलं, तसं मी आयुष्यात फक्त कॉपी करणाऱ्या मुलांकडे बघितलं आहे. "तुमच्या फ्रीजात? सुकटाच्या चटणीशेजारी? त्यापरीस गटारात वततो की मी."

हे अन्याय्य नव्हतं. माझ्या फ्रीजमध्ये सुकट आहे, लसणाची चटणी आहे, एक डबा आहे ज्यात काय आहे हे मला आठवत नाही आणि उघडायचं धाडस होत नाही. दुधाला सुकटाचा वास लागतो म्हणून मी काळा चहा पिते आणि लोकांना सांगते, तब्येतीसाठी.

तेव्हा राहिलो आम्ही दोघी आणि तो. मी आधी प्लग काढला. हे मात्र बरोबर केलं. मग बर्फाच्या त्या दाढीकडे पाहिलं. कितीतरी वर्षं गल्लीतल्या बायकांना मी ओरडत आलेय, की बर्फ टोचून काढू नका, आत नळ्या असतात, भोक पडलं की गॅस जातो आणि फ्रीज भंगारात जातो. हे सगळं मला पाठ होतं. तरी माझा हात आपोआप मागे गेला आणि मी म्हणाले, "द्वारकाबाई, उलथनं द्या, पटकन उडवते."

"पूजेत हाय."

"सुरी?"

"पूजेत."

"काहीतरी टोकदार द्या हो!"

"टोकदार सगळं पूजेत हाय, बाई. गरम पान्याचं पातेलं ठिवू का आत? माझी सून तसंच करती."

ठेवलं. त्या दिवशी माझ्या हातून तो फ्रीज देवीनं वाचवला की सुप्रियानं, मी ठरवलेलं नाही. वाफेनं दाढी सुटायला लागली आणि बर्फाच्या लाद्या ढपकन् खाली पडायला लागल्या. द्वारकाबाईंनी लगेच परात आणली, सगळा बर्फ तीत गोळा केला, मीठ टाकलं, चक्क्याचं पातेलं वर ठेवलं आणि ओलं गोणपाट पांघरलं. तेवढ्यापुरता तरी चक्का सुरक्षित.

मग फ्रीज पुढे ओढला. मी ओढत होते, त्या ढकलत होत्या, बऱ्याच वेळानं लक्षात आलं की त्या समोरून ढकलत होत्या.

"काय करताय काय!"

"तुमीच म्हनला जोर लावा. कुनीकडं ते न्हाय सांगितलं."

मागचा खण उचलला आणि मी हळहळले. मागच्या काळ्या जाळीतून आतली उष्णता बाहेर पडते. तिच्यावर चार बोटं धूळ, वर नवा कोरा खण, आणि पाठ भिंतीला चिकटलेली. भर ऑक्टोबरच्या उन्हात कुणाला घोंगडी पांघरून कोपऱ्यात बसवावं तसं झालं होतं. तापून तापून मोटार स्वतःच बंद पडत होती. ते टक्-टक् त्याचंच.

"हे कारण!" मी ओरडले. "बघा! मी म्हणत नव्हते?"

"तुमी गॅस म्हनला हुता."

"शक्यता म्हणून!"

धूळ झाडायला ब्रश पूजेत होता, पण केरसुणीची पूजा दिवाळीत असते, म्हणून ती मोकळी होती. द्वारकाबाईंनी जाळी झाडली, मी खोकले. आतलं पाणी पुसलं, फ्रीज भिंतीपासून वीतभर लांब ठेवला, कलश खाली घेतला. लगेच चालू करायचा नाही, मोटारीला थोडा विसावा द्यायचा, असं मी म्हणाले. द्वारकाबाईंनी चहा टाकला. आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो, दवाखान्याबाहेर बसतात तशा.

प्लग लावला. घर्र. टिंगटिंग नाही. मग आतून बारीकशी गुडगुड.

"रवंथ!" द्वारकाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी खरंच हात जोडले.

मी विजयी मुद्रेनं घरी जाणार होते. पण त्यांनी थांबवलं. ऊन उतरलं, गल्लीत पोरं आपट्याच्या फांद्या घेऊन आली, आणि फ्रीज घरघरतच राहिला. दाराला कान लावून त्या बसल्या होत्या.

"दात खाईना," त्या म्हणाल्या.

मी ऐकलं. खरंच. एकदा गार झालं की टक् होऊन त्यानं थांबायला हवं. तो थांबतच नव्हता. आत हात घातला. गारवा होता, पण नळातल्या पाण्याइतका. कप्प्यावर पुन्हा बारीक दव.

"आता?" द्वारकाबाईंचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. त्या उठल्या, कपाटावरची जुनी पत्र्याची पेटी खाली काढली आणि तिच्यावरची धूळ पुसायला लागल्या. दिवाळीला न्यायची पेटी.

मला राग आला. त्यांचा नाही, फ्रीजचा नाही, माझा. एवढी उष्णता शिकवली जन्मभर! आत बाहेरची हवा येत्येय, म्हणून दव आहे. हवा येते कुठून? दारातून. दाराचं रबर बसत नसेल. हे आठवीच्या पोरानं सांगितलं असतं. मी वर्तमानपत्राचे कपटे फाडले. कपटा दारात धरायचा, दार लावायचं, आणि ओढायचा. घट्ट धरला तर रबर चांगलं, सहज निघाला तर तिथे फट. खालून सुरुवात केली. घट्ट. मुठीच्या बाजूला घट्ट, वर घट्ट.

"सगळं घट्ट हाय की," द्वारकाबाई.

"थांबा."

बिजागरीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात कपटा घातला. ओढला. लोण्यातून निघावा तसा निघाला. आणि त्याच्यासोबत झेंडूची एक पिवळी पाकळी.

मी ती पाकळी हातात घेऊन उभी राहिले. वर बघितलं. माळेचं टोक, त्याच्या दोऱ्याची जाड गाठ आणि एक अख्खं चेपलेलं फूल, रबराच्या आणि दाराच्या मध्ये, युक्तीनं खोचलेलं.

द्वारकाबाईही वर बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत.

"बाई," त्यांना धड बोलता येईना, "ह्याला म्हनत्यात... युक्ती!"

त्या हसत हसत जमिनीवर बसल्या. पेटीवर डोकं टेकून हसल्या. मी म्हणाले, की इतकं हसण्यासारखं काही नाही, तत्त्वतः माझं निदान बरोबर निघालेलं आहे. त्यावर त्या आणखीच हसल्या.

मी माळ ओढायला गेले तर झटकन उठल्या. "काडायची न्हाय! पूजेतली हाय, उद्या उतरायची!"

"अहो, चक्का..."

"काडायची न्हाय. सरकवायची."

मग त्या स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं (मला वर चढू दिलं नाही), आणि त्यांनी ते टोक फटीतून काढून वर टाकलेल्या खणाच्या टोकाला बांधलं. रबर पुसलं. दार लागलं ते असं की ठप् झालं. परातीतला बर्फ विरघळून गेला होता, पण पातेलं बाहेरून अजून गार होतं. ते आत ठेवलं. आम्ही परत समोर बसलो.

द्वारकाबाई पेटीवरच बसल्या होत्या. देवापुढचा दिवा लावायची वेळ झाली होती तरी उठेनात. आणि मग टक्. घरघर थांबली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमधलं गाणं ऐकू यायला लागलं.

"गेला!" द्वारकाबाई किंचाळल्या. "बाई, गेला वो!"

"गेला नाही. थांबला." माझा आवाज का कापत होता कोण जाणे, संध्याकाळी सर्दी होते मला. "गार झालं म्हणून थांबलाय. बघा हात घालून."

त्यांनी दार उघडून पातेल्याला हात लावला. तोच गार हात माझ्या गालाला लावला, विचारल्याशिवाय.

"दात खाल्लं त्यानं," त्या म्हणाल्या.

दसऱ्याला आरती झाली, यंत्र पाटावरून उतरलं आणि द्वारकाबाईंनी चक्का फिरवायला घेतला. एरवीपेक्षा केसभर आंबट होता. त्यांनी जायफळ सढळ हातानं घातलं आणि घरोघरी डबे गेले. गल्लीतल्या सगळ्यांनी सांगितलं की यंदाच्या श्रीखंडाला वेगळीच चव आहे. वेगळी होतीच. मी मान हलवत राहिले.

इंद्रजित मोटारसायकलवरून आला, आईच्या पाया पडला, सोनं दिलं, मला दिलं. मग उभ्या उभ्या खोलीभर नजर फिरवली. फिटरची नजर. फ्रीज भिंतीपासून लांब, फरशीवर पाण्याचे डाग, कोपऱ्यात वर्तमानपत्राचे कपटे, आणि खाली उतरवून ठेवलेली पेटी.

"काल काय झालं हितं?"

"पूजा," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यानं फ्रीजचं दार उघडलं, रबरावरून बोट फिरवलं. वरच्या कोपऱ्यात बोट थांबलं. बोटाला पिवळा रंग लागला होता. "ही माळ कुनी अडकवली हुती दारात?"

द्वारकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"शिकलेलं मानूस हुतं," त्या म्हणाल्या.

इंद्रजितला सगळं समजलं. हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना, माझ्यासमोर. "आई, मग मला फोन का न्हाय केला? मी आलो असतो की पळत."

"तू आला असतास. म्हनूनच न्हाय केला. फ्रीज हितं राहिला असता आन मी तिकडं."

त्यानं फ्रीजचं दार लावलं. मग रिकामा डबा उघडून बघितला. "सगळे डबे गेले?"

"सगळं. तुझा तेवढा ठिवलाय. चाखून सांग, आंबलाय का."

त्यानं चाखलं. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याला ती केसभर चव कळली, हे मला त्याच्या भुवयांवरून दिसलं. पंचवीस-तीस वर्षं आईच्या हातचा चक्का खाल्लेला माणूस तो. त्यानं वाटी खाली ठेवली नाही. परत पुढे केली.

"अजून वाढ," म्हणाला.

वाढून झाल्यावर त्यानं ती पेटी उचलली आणि कपाटावर जागच्या जागी ठेवली. मग पाटाकडे गेला, माझा स्क्रू-ड्रायव्हर उचलून त्याचं कुंकू रुमालाला पुसलं, फ्रीज तिरपा करून त्याचे पाय सारखे केले. "मागं एवढी जागा कायम ठेवायची. आन खण फक्त पुढं," एवढंच बोलला. दिवाळीचा विषय काढला नाही. टाळी दिली होती त्यानं.

संध्याकाळी, कबूल केलेली सुट्टी द्वारकाबाईंनी फ्रीजला दिली. रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवून. मी म्हणाले, अगदी योग्य पद्धत आहे ही, दार उघडं ठेवलं की वास धरत नाही. त्या म्हणाल्या, "मग तुमच्याला बी द्या की सुट्टी एकदा." माझ्या फ्रीजमधला तो, आत काय आहे हे न आठवणारा डबा मी दुसऱ्या दिवशी न उघडताच टाकला.

ह्या वर्षीच्या खंडेनवमीला मी वेळेवर हजर झाले. माळ आधीच बांधलेली होती, भिंतीतल्या दोन खिळ्यांना, फ्रीजपासून चांगली लांब. सोनमनं बांधली होती. माझा स्क्रू-ड्रायव्हर द्वारकाबाईंनी पाटावर ठेवून घेतला. मी विचारलं, "मी काय करू?"

द्वारकाबाईंनी हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं.

"हे धरा," त्या म्हणाल्या. "नुसतं धरा."